होयबा कोण घडवितो?

अधिकारपदावरील माणसे एकत्र जमली की एक गाऱ्हाणे हमखास ऐकू येते : हाताखालची माणसे खरे बोलत नाहीत, साहेबाचा कल पाहून माना डोलवितात. गाऱ्हाणे खोटे नाही. पण ते करणाऱ्याने स्वतःस फिर्यादी समजावे, हे मला मान्य नाही. या खटल्यातील पहिला आरोपी तोच आहे.

जुन्या करारातील ‘राजे’ या पहिल्या ग्रंथाच्या २२ व्या अध्यायात या खटल्याचा सारा पुरावा आहे. इस्राएलाचा राजा अहाब यास अरामाच्या ताब्यातील रामोथ-गिलाद घ्यावयाचे होते. सुमारे ४०० संदेष्ट्यांनी त्यास एकमुखाने विजयाची ग्वाही दिली. एकाने तर लोखंडाची शिंगे करून आणली. यहूदाचा राजा यहोशाफाट याने विचारले, आणखी कोणी आहे काय? अहाबाने सांगितले की मीखाया आहे, पण तो माझ्याविषयी कधी बरे बोलत नाही, म्हणून मला त्याचा तिटकारा आहे. ज्या दरबारात राजाच असे बोलतो, तेथे ४०० होयबा जमले तर नवल कसले?

मीखायास आणावयास गेलेल्या जासुदाने त्यास वाटेतच सुचविले की, इतरांसारखेच गोड बोला. हा जासूद दुष्ट नव्हता. सांभाळून घेणारा होता. टिपणी वर जाण्यापूर्वी तिची धार बोथट करणारा सद्गृहस्थ तो हाच.

कोणी म्हणेल, अहाबाने मीखायास शपथ घालून खरे बोलावयास तर लावले! लावले खरे, पण केव्हा? मोहीम ठरल्यावर. सज्जन यहोशाफाटानेही सैन्याचा शब्द आधी दिला आणि सल्ला मागाहून विचारला. मीखायाने पराभव भाकीत केला. त्यास चपराक मिळाली, तुरुंग मिळाला, आणि दोन्ही राजे लढाईस निघाले. असे विचारणे न विचारण्याहून वाईट. कारण सल्लागारास शिक्षा करूनही ‘सर्वांचे मत घेतले’ असे म्हणावयास आपण मोकळे राहतो.

शिवाय अहाब वेष पालटून रणांगणात गेला, राजवस्त्रे यहोशाफाटाच्या अंगावर राहिली. म्हणजे मीखायाचे बोलणे अहाबाच्या मनात खोल रुतले होते! सत्य त्यास पटले होते. ते मानण्याची किंमत मात्र त्यास दुसऱ्याकडून वसूल करावयाची होती. तरी एक भटका बाण चिलखताच्या सांध्यात शिरलाच, आणि संध्याकाळी तो मेला.

याउलट दाविदाने उरियाचा घात केला, तेव्हा नाथानाने त्यास तोंडावर दोषी ठरविले. दाविदाने दोष पत्करला. पुढे राजाच्या वृद्धापकाळी वारसाचा प्रश्न उभा राहिला, तेव्हाही नाथानास राजाच्या दालनाचे दार उघडे होते. खरे बोलणाऱ्याचे पुढे काय झाले, हे सारा दरबार पाहात असतो.

परप्रांतात नेमणूक झालेल्या आपणांस तर हा प्रश्न अधिकच जवळचा. तेथील भाषा आपली नाही, रीतिरिवाज आपले नाहीत. स्थानिक सहकारी सांगेल तेवढेच आपणांस दिसते. तो गोड बोलू लागला की आपण आंधळे झालो. तेव्हा मत विचारावे ते निर्णयापूर्वी, आणि आपला कल न दाखविता. आणि होयबांविषयी तक्रार करण्याआधी प्रत्येकाने स्वतःस एवढे विचारावे : मला शेवटचा विरोध ज्याने केला, त्याच्या वार्षिक अहवालात मी कोणता शेरा लिहिला?