अठरा वर्षांनंतरचे छप्पर

बालगृहातील मुलामुलींसाठी ‘अनुरक्षणगृहे (अठरा वर्षांनंतर राहण्याची गृहे) वाढवा’ ही वाचकांच्या पत्रांतील मागणी रास्त आहे, पण अपुरी आहे. वयाची 18 वर्षे पूर्ण होताच बालगृह सोडावे लागते. अनेकांना माहेर नाही, आजोळ नाही. सणासुदीला जायलाही घर नाही. बाल न्याय अधिनियम, 2015 नुसार अशा तरुणांना 21 वर्षांपर्यंत अनुरक्षण सेवा मिळू शकते. 2016 च्या आदर्श नियमांत अपवादात्मक परिस्थितीत ती 23 पर्यंत वाढवण्याची सोय आहे. त्याच नियमांत सहा ते आठ जणांचे सामूहिक निवास, प्रशिक्षणकाळात विद्यावेतन, नोकरीसाठी साहाय्य आणि संपर्कात राहणारा समुपदेशक अशा सेवा सांगितल्या आहेत. म्हणजे केवळ खाट नव्हे, खाटेभोवतीचा आधारही कायद्याला अभिप्रेत आहे.

अडचण या सेवा एकमेकींशी सांधण्याची आहे. ‘मिशन वात्सल्य’ योजनेत दरमहा 4,000 रुपयांची मदत आहे, पण मुंबई-पुण्यात खोलीची अनामत रक्कम आणि भाडे त्यात भागत नाही. ओळखीचा जामीनदार नसतो. आधार कार्ड, जातीचा दाखला, बँक खाते यांतले एखादे अडले की शिष्यवृत्ती अडते. शिष्यवृत्ती अडली की वसतिगृह सुटते. रस्त्यावर येण्याची सुरुवात बहुधा अशा एका कागदापासून होते. अनाथांसाठीच्या नोकरीतील आरक्षणाचा लाभही शिक्षण पुरे झाले तरच हाती येतो.

म्हणून सोळाव्या वर्षीच प्रत्येकाचा निवास, कागदपत्रे आणि शिक्षण यांचा एकत्र आराखडा तयार व्हावा आणि त्याची जबाबदारी जिल्हा बाल संरक्षण कक्षातील एकाच अधिकाऱ्यावर असावी.