टेम्पोचा विमा आहे, रंगाऱ्याचा नाही

पावसाळा सरला की शहरातल्या सोसायट्यांना रंगाचे वेध लागतात. दसऱ्याच्या मागेपुढे एखाद्या सकाळी फाटकापाशी टेम्पो येऊन थांबतो. त्यातून बांबू, काथ्या, दोरखंड, वीस लिटरचे डबे आणि पाच-सहा माणसे उतरतात. संध्याकाळपर्यंत परांची तिसऱ्या मजल्याला टेकते. जिथे परांचीला जागा नाही, तिथे गच्चीच्या कठड्यावरून दोर सोडून झुला टांगला जातो. वॉचमन टेम्पोचा नंबर वहीत टिपून घेतो. वर चढलेल्यांची नावे मात्र कोणाच्याच वहीत नसतात.

टेम्पोच्या डॅशबोर्डमध्ये, प्लॅस्टिकच्या पाकिटात, आरसी, पीयूसी आणि विम्याचा कागद असतो. तो ठेवावाच लागतो. विमा नसलेली गाडी रस्त्यावर सापडली तर पहिल्या खेपेला २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पाचव्या मजल्याच्या उंचीवर, एका फळीवर बसून भिंत घासणाऱ्या माणसाबद्दल असा कागद मागायला कोणताही हवालदार येत नाही. सोसायटीचा सेक्रेटरीही मागत नाही. त्याला कोटेशन हवे असते, तेही तीन ठेकेदारांचे, म्हणजे सर्वसाधारण सभेत सगळ्यात स्वस्त कोण ते दाखवता येते.

आपल्याकडे स्वतःच्या हिमतीवर धंदा करणाऱ्यांच्या विम्याविषयी बोलणे निघाले की ‘लोकांमध्ये जागृती नाही’ हे ठरलेले वाक्य येते. जागृतीचा मुद्दा खरा असेलही, पण तो सोयीचा जास्त आहे. छोटा ठेकेदार विमा घेतो. त्याच्याकडे कोणीतरी मागितला, की घेतो. आरटीओने मागितला म्हणून टेम्पोचा, बँकेने मागितला म्हणून गोडाऊनमधल्या मालाचा. जो मागतो त्याच्या गरजेपुरता तो विमा असतो. मजुराच्या वतीने मागणारा कोणी नाही, म्हणून मजुराचा विमा नाही.

कायदा नाही, अशातला भाग नाही. कामावर माणूस दगावला किंवा जायबंदी झाला तर मालकाने भरपाई द्यायची, हे १९२३ सालापासून ठरलेले आहे. त्या जुन्या कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, तरी हिशेबाचे सूत्र तेच राहिले. गंमत अशी की गाड्यांच्या बाबतीत भरपाईची जबाबदारीही सक्तीची आहे आणि तिच्यासाठीचा विमाही. माणसांच्या बाबतीत जबाबदारी सक्तीची आणि विमा मालकाच्या मर्जीवर. ब्रिटनने हा खड्डा १९६९ च्या कायद्याने बुजवला. तिथे नोकर ठेवणाऱ्याला किमान ५० लाख पौंडांचा विमा घ्यावा लागतो आणि योग्य विमा नसेल तर दिवसाला २,५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. आपल्याकडे शंभर वर्षांत हे कोणाला सुचले नाही. सुचले असेल तर परवडले नसावे.

जबाबदारी केवढी, हे बहुतेक ठेकेदारांना ठाऊक नसते. मृत्यूच्या बाबतीत महिन्याच्या मजुरीचा निम्मा भाग घ्यायचा आणि त्याला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे. वय जितके कमी तितका गुणक मोठा. २०२० च्या जानेवारीत या हिशेबासाठी मजुरीची कमाल मर्यादा १५,००० रुपये केली गेली. तीस वर्षांच्या माणसाचा गुणक २०७.९८ आहे. म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८, बरोबर १५ लाख ५९ हजार ८५० रुपये. वीस वर्षांचा पोरगा असेल तर गुणक २२४, रक्कम १६ लाख ८० हजार. सहा मजली इमारतीचा रंग काढून ठेकेदाराच्या हातात जे उरते, त्याच्या शेजारी ही रक्कम ठेवून पाहावी. पैसे महिन्याभरात जमा केले नाहीत तर १२ टक्के व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड वेगळा. पॉलिसी असेल तर भरपाई, आणि पॉलिसीत वगळलेले नसेल तर व्याजही, विमा कंपनी देते. दंड मात्र मालकाच्याच खिशातून जातो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये वेदप्रकाश गर्ग खटल्यात सांगून ठेवले आहे.

अपघातानंतर ठेकेदाराच्या तोंडी येणारे पहिले वाक्य बहुधा ‘बेल्ट दिला होता, त्यानेच घातला नाही’ हे असते. ते खरेही असेल. पण माणूस मेला किंवा कायमचा पूर्ण अपंग झाला तर कायद्यापुढे हा बचाव चालत नाही. सुरक्षेचे साधन मुद्दाम काढून ठेवले होते किंवा दारू प्यायलेला होता, ही सबब फक्त त्याहून कमी दुखापतींपुरती आहे. ‘नाक्यावरून एका दिवसासाठी उचललेला माणूस, तो आमचा कामगार कुठला?’ ही दुसरी सबब. तिचाही उपयोग नाही. रोजंदारीवरच्या नैमित्तिक मजुराला कायद्याबाहेर ठेवणारे शब्द २००० सालच्या दुरुस्तीनेच गाळले गेले. नव्या संहितेने तर घरून कामावर येता-जाताना झालेला अपघातही, कामाशी संबंध जुळत असेल तर, याच खात्यात धरला आहे. सकाळी टेम्पोच्या हौद्यात बसून येणारी माणसे आठवावीत.

सगळ्यात मोठा घोळ होतो तो ‘मिटवण्या’त. मुकादम मध्यस्थी करतो, मृतदेह गावी नेण्यासाठी ॲम्ब्युलन्स ठरते, घरच्यांच्या हातात लाख-दोन लाख रोख पडतात आणि कोऱ्या कागदावर अंगठा घेतला जातो. ठेकेदाराला वाटते, सुटलो. पण मृत्यूची भरपाई कायद्याने नुकसानभरपाई अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. वारसांना परस्पर दिलेला पैसा, तीन महिन्यांच्या मजुरीएवढी उचल सोडली तर, भरपाई म्हणून धरलाच जात नाही. वर्षभराने गावातला एखादा जाणता माणूस त्या विधवेला वकिलाकडे घेऊन गेला, की पूर्ण हिशेब नव्याने उभा राहतो. निष्काळजीपणाने मृत्यूचा गुन्हा वेगळा. भारतीय न्याय संहितेत त्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि त्यातून कोणतीही पॉलिसी कोणाला सोडवत नाही.

‘पण त्यांना मंडळाचे कार्ड आहे की!’ असे कोणी म्हणेल. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी चांगली गोष्ट आहे, यात वाद नाही. बांधकामावरच्या एक टक्का उपकरातून ते चालते आणि कामावर मृत्यू झाला तर वारसांना ५ लाख रुपये देते. नोंदणीसाठी मागच्या वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो द्यायला हाच ठेकेदार टाळाटाळ करतो, कारण सही केली की माणूस आपला ठरतो. मंडळाच्या भांडी-संचासाठी लागणाऱ्या रांगा सर्वांनी पाहिल्या आहेत. अपघाताच्या मदतीबद्दल त्याच रांगेत विचारले तर किती जणांना सांगता येईल, शंका आहे. शिवाय वर्षाला २० रुपयांत २ लाखांचे संरक्षण देणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे. बँकेत खाते असलेल्या प्रत्येक रंगाऱ्याने ती घ्यावी. यातला एकही पैसा ठेकेदाराच्या १५ लाखांतून वजा होत नाही, एवढेच ध्यानात ठेवावे. हे कामगाराचे हक्काचे पैसे, ते ठेकेदाराचे देणे. दहापेक्षा कमी माणसांच्या या टोळ्या कर्मचारी राज्य विमा योजनेच्या (ईएसआय) कक्षेतही सहसा येत नाहीत.

ठेकेदाराच्या त्या देण्यासाठीच्या पॉलिसीला धंद्यात अजून ‘डब्ल्यूसी’ (वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन) म्हणतात. कायद्याच्या नावातला ‘वर्कमन’ जाऊन ‘एम्प्लॉयी’ आला त्याला दीड दशक उलटले, पण एजंट, इंजिनिअर आणि ठेकेदार सगळे ‘डब्ल्यूसी काढली का?’ असेच विचारतात. हप्ता एकूण मजुरी आणि कामाची जोखीम पाहून ठरतो. इथे ठेकेदार पहिली चूक करतो. हप्ता वाचवायला चार माणसे दाखवतो आणि आठ चढवतो. दुसरी गफलत म्हणजे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, तर दवाखान्याचा खर्च मूळ पॉलिसीत असतोच असे नाही. तो जास्तीचा हप्ता भरून जोडून घ्यावा लागतो. पोटठेकेदाराची माणसेही तशीच जोडावी लागतात. आणि तिसरी गोष्ट ऐकून तर अनेक जण चमकतात. ठेकेदार स्वतः या पॉलिसीत नसतो. कालपर्यंत रंगारी असलेला आणि आजही माणूस कमी पडला की झुल्यावर बसणारा हा ‘मालक’ पडला, तर त्याच्यासाठी वैयक्तिक अपघात विमा वेगळा लागतो.

सरकारची तऱ्हाही नोंदवण्यासारखी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला; त्याचे स्वागत झाले, ते योग्यच होते. डब्ल्यूसीवर मात्र १८ टक्के कायम आहे. ज्याची उलाढाल २० लाखांच्या आत आहे आणि ज्याने जीएसटी नोंदणी घेतलेली नाही, त्या लहान ठेकेदाराला त्याची वजावटही मिळत नाही. स्वतःच्या कुटुंबाच्या मेडिक्लेमवर कर नाही, मजुरांच्या पॉलिसीवर आहे.

मागणाऱ्याच्या मापाचा विमा कसा तोकडा पडतो, हे चिपळूणने पाहिले आहे. २६ जुलै २००५ ला शहर बुडाले, आणि २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीने पुन्हा बाजारपेठ पोटात घेतली. व्यापाऱ्याची पॉलिसी असलीच तर पुष्कळदा ती कॅश क्रेडिट (सीसी) लोनच्या बँकेने काढायला लावलेली, म्हणजे कर्जाच्या रकमेएवढी. समजा माल २० लाखांचा, विमा १० लाखांचा आणि नुकसान ६ लाखांचे. विमा कंपनी म्हणते, निम्म्याच मालाचा विमा होता, तेव्हा निम्मेच नुकसान देऊ: ३ लाख. तेही आधी बँकेच्या खात्यात. हप्ता थोडा उतरावा म्हणून पुराचे कलमच वगळून घेण्याची सोयही जुन्या आगीच्या पॉलिसीत होती. २०२१ मध्येच, १ एप्रिलपासून, ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पॉलिसी आली. तिच्यात पूर मूळ संरक्षणातच आहे आणि विमा १५ टक्क्यांपर्यंत कमी पडला तर कात्री लागत नाही. पुराच्या जेमतेम चार महिने आधी आलेली ही पॉलिसी किती दुकानांपर्यंत पोचली असेल, याचा अंदाज चिपळूणच्या पेठेत कोणीही देईल.

लग्नाचे फोटो काढणाऱ्याची गोष्ट याच मासल्याची आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतचे नॅनो ड्रोन सोडून बाकी ड्रोनना तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे. ज्या कॅमेऱ्यावर आणि लेन्सवर त्याचे पोट आहे, त्या बॅगेचा विमा सहसा नसतो. डॉक्टरांनी व्यावसायिक दायित्वाचा विमा मोठ्या संख्येने घ्यायला सुरुवात केली, तीही १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणल्यावर. आज एकट्याने काम करणारे आर्किटेक्ट, सॉफ्टवेअरवाले, अनुवादक मोठ्या कंपन्यांच्या करारांवर सह्या करतात. त्यात ‘आमचे जे नुकसान होईल ते तुम्ही भरून द्याल’ असे अमर्याद कलम असते. ते वाचले जात नाही. वाचले तरी बदलून मागायची टाप नसते. शिवाय व्यावसायिक दायित्वाच्या पॉलिसीचा एक स्वभाव आहे: काम कधी केले यापेक्षा दावा आला तेव्हा पॉलिसी चालू होती का, हे ती पाहते. धंदा आवरताना पॉलिसीही बंद केली, तर पाच वर्षांपूर्वीचे काम उघडे पडते.

पुन्हा सोसायटीकडे. रंगाऱ्याच्या अपघातात सोसायटी कितपत जबाबदार, यावर वकील वाद घालतात. रंगकाम हा काही सोसायटीचा धंदा नव्हे, असे म्हणता येते. तो वाद कोर्टात चालत राहील, पण पोलिस ठाण्यात जबाब द्यायला चेअरमनलाच जावे लागते. म्हणून मागणी काम देणाऱ्यानेच करायला हवी, आणि मागायचे तर पैसेही मोजायला हवेत. कोटेशनमध्ये प्रायमरची ओळ असते, परांचीच्या भाड्याची असते, काम संपल्यावर काचा पुसण्याचीही असते. ‘कामगारांचा विमा’ अशी एक वेगळी ओळ असावी आणि तिच्यापुढचा आकडा तिन्ही ठेकेदारांच्या तुलनेतून बाजूला ठेवावा. नाहीतर विमा काढणारा ठेकेदार महाग ठरतो आणि न काढणारा दरवेळी काम घेऊन जातो. महापालिका आणि बांधकाम खाते आपल्या निविदांमध्ये विम्याची अट घालू शकतात, तर पन्नास फ्लॅटच्या सोसायटीला पहिल्या हप्त्याचा चेक देण्याआधी पॉलिसीची प्रत मागायला कोणाची परवानगी नको.

प्रत हातात आली की तीन जागा पाहाव्यात: माणसांची संख्या, कामाचे स्वरूप आणि मुदत. डिसेंबरात संपायचे काम मार्चपर्यंत रेंगाळते आणि पॉलिसी मध्येच सरते. कागद इंग्रजीत असतो; एजंटाकडून तो मराठीत समजून घ्यायला लाजू नये. कंपनीने क्लेम अडवला तर मुंबई-पुण्याच्या विमा लोकपालाकडे एकल मालकीचे आणि सूक्ष्म उद्योगही ५० लाखांपर्यंतची तक्रार फुकट नेऊ शकतात. पण तिथे उभे राहायला आधी कागद लागतात. अपघातानंतर विमा कंपनी विचारते, त्या दिवशी कामावर कोण-कोण होते आणि त्यांना मजुरी किती दिली. ज्या साइटवर फक्त टेम्पोचा नंबर लिहिलेला आहे, तिथून हे उत्तर काढायचे म्हणजे मुकादमाच्या आठवणीवर विसंबावे लागते.