अर्धवट ई-टाइप स्वस्त पडत नाही

कॅलिफोर्नियातून अर्धवट खोललेली जॅग्वार ई-टाइप इंग्लंडला आणणे फायद्याचे, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे मला मुळीच पटले नाही. तिथल्या कोरड्या हवेत पत्रा कमी गंजतो, एवढे खरे. पण खोक्यांत भरून आलेल्या गाडीतले काय हरवले आहे, ते जुळणीला बसल्यावरच कळते. शिवाय करसवलतीचाही प्रश्न आहे. ३० वर्षांहून जुन्या, मूळ स्थितीतल्या गाडीला ब्रिटनमध्ये आयातशुल्क माफ असते, व्हॅटही ५ टक्केच. इंजिन किंवा चॅसी बदललेली निघाली, तर ही सवलत धोक्यात येते. म्हणून पैसे देण्याआधीच चॅसी, इंजिन, बॉडी आणि गिअरबॉक्सचे क्रमांक जुन्या जॅग्वार गाड्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टच्या दाखल्याशी ताडून पाहावेत. मालकीचा कागदही विक्रेत्याच्याच नावावर हवा. गाडी आल्यापासून १४ दिवसांत करखात्याला कळवावे लागते.

— एक वाचक, लेस्टर