वायूचा जमाखर्च

लातूर आणि नांदेड येथे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी व्यापारी कुटुंबांतील अनेक मुले-मुली राहतात. 'पीव्ही बरोबर एनआरटी' हे आदर्श वायूचे सूत्र त्यांना मुखोद्गत असते. तथापि त्याचा अर्थ दुकानाच्या गादीवर अधिक लवकर उमगतो.

वजन गुणिले भाव म्हणजे रक्कम. भाव वाढला की तूरडाळ कमी मिळते, हे खरे; पण खिशातील रक्कम तेवढीच असेल तरच. वायूचेही तसेच आहे. डावीकडे दाब आणि आकारमान यांचा गुणाकार. उजवीकडे वायूचे प्रमाण, एक स्थिरांक आणि तापमान यांचा. दाब वाढला की आकारमान घटते, हा बॉइलचा १६६२ चा नियम उजवी बाजू स्थिर असतानाच लागू पडतो. पुढे १८३४ मध्ये फ्रेंच अभियंता क्लापेरों याने असे निरनिराळे वायुनियम एका समीकरणात आणले. म्हणून उदाहरण सोडवताना पहिला प्रश्न हाच: येथे स्थिर काय आहे?

वैशाखात लातूरहून नांदेडकडे निघालेल्या मालट्रकचा टायर घ्या. त्याचे आकारमान जवळजवळ बदलत नाही आणि आतील हवाही तेवढीच राहते. मग तापमानाबरोबर वाढतो तो केवळ दाब. मात्र हे तापमान उणे २७३ अंशांपासून मोजावे लागते. सकाळचे २७ अंश म्हणजे ३००. धावत्या टायरमधील ५७ अंश म्हणजे ३३०. अंशांचा आकडा दुपटीहून अधिक झाला, तरी खरी वाढ दहा टक्केच.

सकाळी मापकावर १०६ पौंड हवा असेल, तर वातावरणाचे सुमारे १४ पौंड मिळवून एकूण दाब १२० होतो. तो दहा टक्क्यांनी वाढून १३२ झाला, की मापक ११८ दाखवतो. ही वाढ अपेक्षितच आहे. परंतु घाबरून वाटेत हवा सोडून काटा पुन्हा १०६ वर आणला, तर या वेळी वायूचे प्रमाणच घटते. टायर थंड झाल्यावर मापकावर जेमतेम ९५ उरतात. असा कमी हवेचा टायर पुढील फेरीत भाराखाली अधिक दबतो, त्यामुळे अधिक तापतो आणि फुटण्याचा धोका वाढतो.

यास्तव हवा तपासायची ती टायर थंड असताना, प्रवासाला निघण्यापूर्वी. तापलेल्या टायरची हवा कमी करू नये, ही सूचना ज्यांच्या गाड्या मोंढ्यातून माल नेतात त्यांनी आपल्या चालकांना अवश्य द्यावी. आणि त्यामागील कारण समजावून सांगण्याचे काम घरातील अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्याकडे सोपवावे.