केबलची पकड : आपल्या बाजारपेठेत ती का नाही?

इन्सुली हे मुंबई-गोवा महामार्गावरचे गाव. तपासणी नाका आणि बंद पडलेली सूतगिरणी या दोन गोष्टींमुळे बाहेरच्या माणसाला ते ठाऊक असते. या भागात आम्ही वर्षानुवर्षे कापडाचा धंदा करीत आलो. कापडवाल्याने विजेच्या केबलविषयी लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण हा विषय आमच्या धंद्यापासून दिसतो तितका दूर नाही. आणि त्यात आपल्याच घरातल्या मुलांचा जीव गुंतलेला आहे, म्हणून लिहिणे भाग आहे.

गेल्या काही वर्षांत सावंतवाडी-बांदा पट्टा झपाट्याने बदलला. डिसेंबर २०२२ मध्ये पलीकडे गोव्यात मोपाच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. इकडे हॉटेले, दवाखाने, लिफ्ट असलेल्या व्यापारी इमारती उभ्या राहू लागल्या. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा झाडे तारांवर पडली, खांब मोडले आणि कित्येक गावे अंधारात राहिली. तेव्हापासून ज्याला परवडते तो म्हणतो, तार वरून नको, जमिनीखालून केबल टाका. म्हणजे पूर्वी आपल्या वायरमनच्या हातात बोटाएवढी वायर असे, आता मनगटाएवढी केबल येऊ लागली आहे. काम बदलले, पण काम करण्याचे साधन मात्र तेच जुने राहिले आहे : नायलॉनची दोरी, दोन वेढे, एक गाठ आणि वरून चिकटपट्टी.

आमचे म्हणणे एवढेच आहे की ही दोरी आता बंद झाली पाहिजे. तिच्या जागी केबलची खास पकड आली पाहिजे. आणि ती येत नाही याचा दोष एकट्या कारागिराचा नाही, आपणा व्यापाऱ्यांचाही आहे.

वजनाचा हिशेब

आधी आकडे पाहू. पाच मजली इमारतीला नेहमी लागणारी साडेतीन कोरची, २४० चौरस मिलिमीटर ॲल्युमिनियमची आर्मर्ड केबल मीटरला साधारण ४ किलो भरते. तळापासून गच्चीपर्यंत २० मीटर धरले तर ८० किलो झाले. उच्च दाबाची केबल असेल तर वजन याच्या दुप्पट किंवा त्याहूनही अधिक. इमारत दहा मजली झाली की लांबीच्या हिशेबाने तेही वाढले.

यात एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गोणी उचलताना पहिल्यापासून शेवटपर्यंत वजन तेवढेच असते. केबलचे तसे नाही. जसजशी ती वर जाते तसतसे लटकणारे वजन वाढत जाते. सुरुवातीला हलकी वाटते, म्हणून माणूस निर्धास्त होतो. सर्वात जास्त वजन असते ते शेवटच्या मजल्यावर, हात थकलेले असतात तेव्हा. गाठ सुटायची ती नेमकी त्याच वेळी सुटते. मग ८० किलोची केबल शाफ्टमधून खाली येते आणि खाली बहुधा कोणीतरी पोरगा केबल सरळ करीत उभा असतो.

दोरीचा दुसरा तोटा मालाचा आहे. केबलचे वरचे आवरण गुळगुळीत, पावसाळ्यात ओले. त्यावर दोरी घसरते. घसरू नये म्हणून आवळली तर सगळा भार बोटभर जागेवर येतो आणि आवरण कापते. त्या जखमेतून पाणी शिरते, आणि वर्ष-दोन वर्षांनी केबल बाद झाली की कारण कोणाला कळत नाही.

उरेब कापड आणि लोखंडी मोजा

आता पकड म्हणजे काय ते सांगतो. बाजारात तिला केबल ग्रिप म्हणतात, कामगार तिला मोजा किंवा सॉक्स म्हणतात. पोलादी तारांची विणलेली ती एक लांब नळी असते, वरच्या टोकाला मजबूत फासा. नळी केबलवर मोज्यासारखी चढवायची आणि फाशातून ओढायचे.

ती धरते कशी, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला चटकन समजेल. कापड उभ्या धाग्यावर ओढले तर ते फारसे ताणत नाही. तेच कापड उरेब, म्हणजे तिरके, धरून ओढा. ते लांबीला वाढते आणि रुंदीला आकसते. ताणा आणि बाणा जागच्या जागी कलतात म्हणून असे होते. शिंपी गळ्याला आणि बाहीच्या गोलाईला उरेब पट्टी लावतो ती याच गुणासाठी. केबलच्या मोज्यात तारा अशाच तिरक्या, एकमेकींना छेद देत विणलेल्या असतात. फासा ओढला की नळी लांब होऊ पाहते आणि घेर आकसतो. घेर आकसला की केबल आवळली जाते. जितके वजन जास्त, तितकी आवळ जास्त. आणि हा दाब बोटभर जागेवर न पडता मोज्याच्या सगळ्या लांबीवर वाटला जातो, त्यामुळे आवरण कापत नाही. काम झाले की मोजा फाशाच्या दिशेने मागे ढकलायचा, तो आपोआप सैल होतो.

मालवणच्या किनाऱ्यावर ज्याने मासेमारीचे जाळे हाताळले आहे त्यालाही हे नवे नाही. जाळे एका बाजूने ओढले की त्याचे डोळे मिटतात आणि जाळ्याचा दोर होतो. उसूल तोच.

हा साधा उसूल ओळखून त्यावर कारखाना काढणारी व्यक्ती एक बाई होती, हेही व्यापाऱ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात व्हिव्हियन केलेम्स यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या भावाने शोधलेल्या केबल ग्रिपचा धंदा सुरू केला. त्या अर्थशास्त्र शिकलेल्या होत्या. पुढे १९४८ मध्ये कामगारांच्या पगारातून आयकर कापून देण्यास नकार देऊन त्यांनी सरकारशी झगडा केला, त्यामुळे त्यांचे नाव अधिक गाजले. पण त्यांचा पाया होता तो हा विणलेला मोजा. विणकामाचा हुनर लोखंडात उतरवला की केवढा धंदा उभा राहतो याचे हे उदाहरण आहे.

घेताना आणि वापरताना

मोजा म्हटला की सगळे सारखे नसतात. आमच्या समजुतीप्रमाणे कारागिराने आणि दुकानदाराने पुढील गोष्टी पाठ कराव्यात.

पहिली, माप. मोजा केबलच्या बाहेरच्या व्यासाचा हवा. ढिला मोजा केबलला पकडतच नाही. केबलचा व्यास मोजल्याशिवाय मोजा विकू नये आणि घेऊ नये.

दुसरी, प्रकार. केबलचे टोक मोकळे असेल तर बंद नळीचा मोजा चालतो. टोक जोडलेले असेल किंवा मधूनच पकडायचे असेल तर उघडा मोजा येतो, तो केबलभोवती गुंडाळून बुटाच्या नाडीसारखा तारेने ओवून बंद करतात. ओढून नेण्याचा मोजा वेगळा आणि केबल कायम लटकती धरून ठेवण्याचा वेगळा. एकाचे काम दुसऱ्याकडून घेऊ नये. नावाजलेले कारखाने तुटण्याच्या वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा ओढण्यासाठी मान्य करतात आणि कायम लटकवण्यासाठी दहावा हिस्सा. यावरून दोन्हीतला फरक कळेल.

तिसरी, बांधणी. मोज्याचे शेपूट, म्हणजे फाशाच्या उलटे टोक, केबलला तारेने किंवा पट्टीने घट्ट बांधावे. ते कशात अडकून मागे सरकले तर पकड सुटते.

चौथी, फिरकी. ओढणारा दोर ताणाखाली पिळ सोडतो. मोजा आणि दोर यांच्यामध्ये फिरणारी कडी घातली नाही तर तो पिळ केबलमध्ये उतरतो.

पाचवी, मजल्यामजल्यावर क्लॅम्प. केबल वर पोहोचली म्हणून काम संपले असे नाही. प्रत्येक मजल्यावर ती भिंतीला क्लॅम्पने धरल्याशिवाय मोजा काढू नये. आणि तोवर खाली शाफ्टमध्ये कोणी उभे राहू नये.

सहावी, ताणाची हद्द. मोजा धरतो म्हणून केबल वाटेल तेवढी ओढावी असे नाही. ॲल्युमिनियमच्या गाभ्याला चौरस मिलिमीटरला ३० न्यूटन आणि तांब्याच्या गाभ्याला ५० न्यूटन, यापुढे ताण जाऊ नये असे केबलवाले सांगतात. ३० न्यूटन म्हणजे साधारण ३ किलोचा ओढा.

खारी हवा विसरू नका

आपल्या किनाऱ्यावर लोखंडाचा सर्वात मोठा दुष्मन हवा हीच आहे. ५ जुलै १९८६ रोजी पणजीचा मांडवीवरील पूल कोसळला, तो बांधून जेमतेम दीड दशक झाले होते. काँक्रीटच्या आत ताणलेल्या पोलादी तारा गंजल्या होत्या. बाहेरून पूल उभा दिसत होता. आज त्याच नदीवर २७ जानेवारी २०१९ रोजी उद्घाटन झालेला अटल सेतू केबलांच्या आधाराने उभा आहे. अशा पुलांच्या पोलादी तारांची टोके पाचरीच्या जबड्यात धरलेली असतात. तार ओढली जाते तशी पाचर आणखी घट्ट बसते. म्हणजे तिथेही भार वाढला की पकड वाढते, हाच नियम. पण गंजलेल्या तारेला कोणतीही पकड वाचवू शकत नाही.

मोज्याचेही तसेच. वापरून झाला की पुसून, तेलाचा हात फिरवून कोरड्या जागी ठेवावा. एखादी तार तुटली असेल, फासा वाकला असेल, गंजाने तार बारीक झाली असेल तर दुरुस्तीच्या भानगडीत न पडता तो कापून भंगारात घालावा. नुसता फेकला तर दुसरा कोणी उचलून वापरतो. कापडाच्या गठ्ठ्याला कसर लागली तर पैशाचे नुकसान होते. इथे नुकसान माणसाचे आहे.

तिथे पकड, इथे दोरी

आपल्या वस्त्यांतील कितीतरी मुले आखातात इलेक्ट्रिशियन म्हणून काम करून परत आली आहेत. त्यांच्याशी आम्ही बोललो. ते सांगतात की तिकडे मोठ्या साइटवर उचलण्याच्या साधनावर भार लिहिलेला नसेल तर सुपरवायझर हात लावू देत नाही. तीच मुले इथे आली की दोरी गुंडाळतात. हुनर तेच, माणूस तोच. मग का? त्यांचे उत्तर सरळ आहे : ठेकेदार पैसे देत नाही आणि बाजारात वस्तू मिळत नाही.

दोन्ही खरे आहे. आमच्या पाहण्यातल्या एका इमारतीत ठेकेदाराने दोरीनेच केबल चढवली. तिसऱ्या मजल्यावरून ती निसटली. जेवणाची सुट्टी असल्याने खाली कोणी नव्हते, म्हणून निभावले. केबलचे आवरण मात्र फाटले आणि नव्या तुकड्याचा खर्च गाळेधारकांनी वाटून भरला, त्यात आम्हीही होतो. ज्या साधनाचे पैसे वाचवले त्याच्या कित्येक पट रक्कम त्या एका तुकड्यात गेली. याला काटकसर म्हणायचे का?

कायद्याचेही ठेकेदारांनी ऐकावे. उचलण्याच्या साधनावर सुरक्षित भार लिहिलेला असावा हे तत्त्व १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याखालील नियमांत आले. आणि कामावर जखमी झालेल्याला भरपाई देण्याच्या जबाबदारीतून काम दुसऱ्याला ठेक्याने दिले म्हणून मुख्य मालक सुटत नाही, हे तत्त्व तर १९२३ च्या भरपाई कायद्यापासूनचे आहे. कारागिरांनीही बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे आपली नोंदणी करून घ्यावी. त्यासाठी वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. तो मागायला लाजू नये.

व्यापाऱ्यांनी काय करावे

आता आपल्याकडे येऊ. मुंबईत लोहार चाळीत विजेचा माल आणि नागदेवी स्ट्रीटला दोर, साखळ्या, उचलण्याची साधने मिळतात. तिथे आपल्या समाजाच्या किती पेढ्या आहेत हे सांगायला नको. पण सावंतवाडी, बांदा, कुडाळच्या हार्डवेअर दुकानात जाऊन केबलचा मोजा मागा, बहुतेक ठिकाणी दुकानदार तोंडाकडे पाहतो. "खपत नाही" हे त्याचे उत्तर. जी वस्तू फळीवर नाही ती खपणार कशी?

आमची सूचना अशी. एका बाजारपेठेतील तीन-चार दुकानदारांनी मिळून नेहमीच्या मापांचा एक संच, फिरकी आणि क्लॅम्पसह, आणून ठेवावा. विकण्याची घाई नको. मंडपवाला भांडी आणि कनाती भाड्याने देतो तसा हा संच दिवसाच्या भाड्याने द्यावा. वही ठेवावी : कोणी नेला, किती वजनाला, परत आला तेव्हा तारा तपासल्या की नाही. छोट्या वायरमनला विकत घेणे जड जाते, भाडे जड जात नाही. दुकानदाराचा पैसा काही कामांत वसूल होतो. आखातातून परतलेल्या एखाद्या अनुभवी कारागिराने महिन्यातून एक दिवस दुकानाच्या मागे मुलांना मोजा चढवून दाखवावा.

एक गोष्ट मात्र कोणीही करू नये. बांधणीच्या तारेने घरी मोजा विणून, वर भार न लिहिता, असली म्हणून विकू नये. विणणे येते म्हणून तारेची ताकद येत नाही. मीटरमागे दोन बोटे कापड कमी भरले तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी भांडायला येते आणि हिशेब चुकता होतो. पकडीत ताकद कमी भरली तर भांडायला येणारा कदाचित उरणारच नाही.

पावसाळा संपला की आपल्याकडे बांधकामे पुन्हा सुरू होतात. त्याआधी आपल्या बाजारपेठेत एक तरी संच आला पाहिजे. ठेकेदाराने दर देताना पकडीचे भाडे धरले पाहिजे. आणि वायरमनने काम घेताना पहिला प्रश्न हा विचारला पाहिजे : "केबल कशाने उचलायची?" उत्तर "दोरीने" असे आले, तर ते काम सोडून देण्यात काही कमीपणा नाही.