बोरन्हाणाचे दिवस

संक्रांत सरली की रथसप्तमीपर्यंत आपल्या घरोघरी बोरन्हाणाची लगबग असते. काळे झबले, हलव्याचे दागिने, पाटावर बावरून बसलेले लेकरू, आणि त्याच्या माथ्यावरून ओघळणारी बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे. अहिल्यानगरच्या शिवारात या दिवसांत हे सारे बांधावरच मिळते. प्रवरेकाठी ऊसतोड भरात असते. तरीही अलीकडे फुलपात्रातून चॉकलेट, जेली आणि बिस्किटांचे पुडेच अधिक ओतले जातात, आणि भोवतीची पोरे बोरे सोडून तेवढेच वेचतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१५-१६ मध्ये राज्यातील पाच वर्षांखालील १.९ टक्के बालके अतिवजनी होती. २०१९-२१ मध्ये ती ४.१ टक्के झाली. याच दुसऱ्या पाहणीत ३६.१ टक्के बालकांचे वजन वयाच्या मानाने कमी भरले. म्हणूनच वाढत्या वजनाकडे काळजीने पाहणे आपल्याला जड जाते. बाहत्तरचा दुष्काळ सोसलेल्या जिल्ह्याने गुटगुटीत बाळाची दृष्ट काढावी, यात नवल ते काय!

पण बाळ स्वतःच्या हाताने पुडा विकत आणत नाही. आई नको म्हणते, आजोबा चहात बिस्किट बुडवून देतात, मामा येताना कुरकुऱ्यांची माळ आणतो, वडील मोबाइल दाखवत चार घास जास्तच भरवतात. आणि वजन वाढले की बोल मात्र आईला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले, की तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसातून किमान तीन तास हालचाल करावी आणि पडद्यासमोर तासाहून अधिक बसू नये. अंगणात चुलत भावंडे असतील तर तीन तास कसे गेले हे कळतही नाही. मात्र मुलांमागे धावायला घरातले कुणी तरी उठले पाहिजे.

जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केले, तेव्हा आरोग्याचे शास्त्र गावातल्याच, बहुधा निरक्षर, बायकांच्या तोंडून घराघरांत पोचले. आता ते चुलीपाशी थांबून चालणार नाही, ओसरीवरही यायला हवे. अंगणवाडीत वजनाच्या दिवशी आईबरोबर आजीलाही नेऊ या. तक्त्यावरची रेष सेविकाताई तिलाच समजावून सांगतील. रात्रीच्या दुधात साखर किती, हे बहुतेक घरांत तीच ठरवते.