जखमेची शुश्रूषा घरापर्यंत यावी
चार आठवडे उलटूनही भरून येण्याची चिन्हे न दाखवणारी जखम साधारणपणे जुनाट मानली जाते, आणि मधुमेहींच्या तळपायावर ती बहुधा चिघळते, कारण नसा बधिर झाल्याने वेदना कळत नाही आणि रुग्ण त्याच पायावर भार देत शेतात वा कारखान्यात वावरत राहतो. घरच्या घरी अशा जखमेवर रोज हायड्रोजन पेरॉक्साइड ओतल्यास तिच्यात नव्याने धरणारे लालसर, कोवळे मांसही करपते. घरी येणारी प्रशिक्षित परिचारिका मात्र जखम सलाइनने धुते, तिची लांबी, रुंदी व खोली नोंदवते, कडेने पसरणारी लाली टिपते, टाचेवरचा किंवा चवड्यावरचा दाब हटवणारे पादत्राण सुचवते आणि पाय गार लागल्यास रक्तपुरवठ्याच्या तपासणीसाठी तातडीने तज्ज्ञाकडे पाठवते. ज्याने पाय टेकू नये, त्यालाच ड्रेसिंगसाठी एसटीने तालुक्याला धाडणे उपचाराच्याच मुळावर येते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा भर रुग्णालयातील उपचारांवर आहे. पाय कापण्याची वेळ टाळू शकणारी ही गृहसेवाही शासनाने तितक्याच अगत्याने उभारावी आणि तिचा आरंभ उपकेंद्रांतील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना प्रशिक्षण व ड्रेसिंगचे साहित्य पुरवून करावा.